पन्नासावे कलम चिमूरला लागू नव्हते

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जर्मनव्याप्त युरोपातील लष्करी न्यायालयांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. या विषयावर मराठीत इतक्या तपशिलाने सहसा कोणी लिहीत नाही आणि खेड्यात राहून जुनी पुस्तके चाळत बसणाऱ्या माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाला असा मजकूर म्हणजे पर्वणीच असते. लेखकाचे आभार मानतो आणि त्यांच्या दोन विधानांवर हरकत नोंदवतो. पहिले विधान असे की, कितीही कठोर असले तरी तेथे निदान न्यायालय होते, आरोप होता, निकाल होता. दुसरे असे की, युद्धकाळातला लष्करी अंमल भारतीय माणसाला केवळ पुस्तकातून ठाऊक आहे. हे पत्र मी चिमूर तालुक्यातून लिहीत आहे, एवढे सांगितले तरी दुसऱ्या विधानाला माझी हरकत का आहे हे आपल्या विदर्भातील वाचकांच्या लक्षात येईल. इतरांसाठी सांगतो: ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूरला पलटन आली आणि साऱ्या गावावर दंड बसला; शीर्षकातले पन्नासावे कलम हे सामूहिक शिक्षेला मनाई करणाऱ्या १९०७ च्या हेग नियमावलीतले आहे.

पहिल्या विधानापासून सुरुवात करतो. नेदरलँड्समधील ज्या प्रतिकार गटाचा लेखात उल्लेख आहे, त्यातील पंधरा जण आणि ज्यूंच्या छळाविरुद्ध फेब्रुवारीत झालेल्या संपातील तिघे अशा अठरा जणांना १३ मार्च १९४१ रोजी हेगजवळच्या वाळूच्या टेकड्यांत गोळ्या घालण्यात आल्या. त्याआधी खटला चालला होता, हे खरे. नॉर्वेत १० सप्टेंबर १९४१ रोजी ऑस्लोमध्ये आणीबाणी पुकारली गेली, तीही कामगारांना मिळणारे दूध बंद झाल्याच्या रागातून झालेल्या संपामुळे, आणि त्याच दिवशी विगो हान्स्टीन हे कामगार संघटनेचे वकील आणि रॉल्फ विकस्ट्रॉम हे कामगार पुढारी यांना शिक्षा सुनावून त्याच दिवशी गोळ्या घातल्या गेल्या. सकाळी पुकारलेल्या आणीबाणीखाली संध्याकाळपर्यंत माणूस मारून मोकळे व्हायचे, यात न्यायालयाचा भाग किती आणि टेबल-खुर्चीचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

लेखात नसलेली एक गोष्ट येथे सांगायला हवी. जर्मनांचा प्रशासक आपल्या फर्मानांची वैधता न्यायालयांनी तपासायची नाही असे म्हणू लागला, तेव्हा नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयातील सगळ्या न्यायाधीशांनी डिसेंबर १९४० मध्ये राजीनामे दिले. खुर्चीवर राहून थोडेफार वाचवता आले असते, असा युक्तिवाद त्यांनाही करता आला असता. त्यांनी तो केला नाही. शिवाय ज्या राजवटीच्या 'न्यायालयां'चे हे कौतुक, तिने पूर्वेकडे तेही ठेवले नाही. रशियावरील चढाईपूर्वी, १३ मे १९४१ रोजी, जो हुकूम निघाला, त्याने तेथील नागरिकांचे गुन्हे लष्करी न्यायालयांच्या कक्षेतूनच काढून घेतले. संशयितांना अधिकाऱ्याच्या हुकुमाने गोळी घालायची, आणि नागरिकांवर अत्याचार करणाऱ्या सैनिकावर खटला भरणे बंधनकारक नाही, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी ७ डिसेंबरला 'रात्र आणि धुके' या नावाने कुप्रसिद्ध झालेला हुकूम निघाला आणि पश्चिम युरोपातील कैदी रातोरात जर्मनीत नेऊन नाहीसे केले जाऊ लागले. घरच्यांना पत्ता नाही, चिठ्ठी नाही, मेल्याची खबरही नाही. १९४७ साली न्यूरेंबर्गला खुद्द न्यायाधीश आणि न्यायखात्याचे अधिकारी पिंजऱ्यात उभे राहिले, त्यांच्यावरील आरोपांत याही हुकुमाखाली चाललेले खटले होते. तेव्हा 'निदान न्यायालय होते' या समाधानाला फारसा आधार उरत नाही.

आता दुसऱ्या विधानाकडे वळतो. या पत्राचे कारण खरे तर तेच आहे.

भारताच्या भूमीवर शत्रूचा प्रत्यक्ष लष्करी ताबा होता आणि तो साडेतीन वर्षे होता. २३ मार्च १९४२ रोजी जपानी फौजा अंदमानात उतरल्या आणि युद्ध संपून इंग्रज परत येईपर्यंत तेथे राहिल्या. ज्या तुरुंगात आपल्या क्रांतिकारकांनी कोलू ओढला, त्याच सेल्युलर जेलमध्ये जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून तेथल्याच हिंदी रहिवाशांना डांबले आणि छळ करून कबुलीजबाब मिळवले. डॉ. दिवाणसिंग हे पंजाबी कवी आणि तेथील इंडियन इंडिपेन्डन्स लीगचे प्रमुख, म्हणजे कागदोपत्री जपान्यांच्या मित्रपक्षातले. तेही १४ जानेवारी १९४४ रोजी त्या छळाने गेले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला होम्फ्रेगंज येथे चव्वेचाळीस जणांना गोळ्या घातल्या गेल्या. नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकावला होता, त्याला जेमतेम महिना झाला होता. लेखकांनी युरोपाइतके अंतर काटण्याऐवजी बंगालच्या उपसागरात डोकावले असते, तरी ते वाक्य त्यांच्याकडून लिहिले गेले नसते.

पण माझा मुख्य मुद्दा अंदमानचाही नाही, चिमूरचा आहे.

१६ ऑगस्ट १९४२ हा नागपंचमीचा दिवस होता. आमच्याकडे त्या दिवशी नांगर धरत नाहीत, विळी-विळा लावत नाहीत, तवा चढवत नाहीत. रोवणीची घाई असली तरी माणसे गावात असतात. त्यामुळे 'चले जाव' आंदोलनाच्या प्रभातफेरीला माणूस होता. फेरीवर लाठ्या आणि गोळ्या चालल्या, बालाजी रायपूरकर हा सोळा वर्षांचा पोरगा पडला, आणि त्यानंतर बिथरलेल्या जमावाने उपविभागीय दंडाधिकाऱ्यासह सरकारी अधिकारी आणि पोलीस यांना ठार मारले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यात आष्टीला पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला. तेथेही गोळीबारात गावकरी पडले आणि जमावाच्या हातून फौजदारासह पोलीस मेले. आमच्याकडच्या सभांमधून हा दुसरा भाग घाईघाईने उरकला जातो किंवा अजिबात सांगितला जात नाही. मला ते पटत नाही. मेलेले पोलीसही याच मुलखातले होते, त्यांच्याही घरी चुली होत्या, आणि त्यांच्या खुनाचा खटला भरणे हा कोणत्याही सरकारचा अधिकारच होता. प्रश्न पुढचा आहे.

तीन दिवस चिमूरला सरकार नव्हते. १९ ऑगस्टला पलटन आली. तिने गावात काय केले, घरे कशी लुटली आणि बायकांवर काय गुदरले, हे त्या बायकांनीच नंतर नागपूरहून गेलेल्या महिलांच्या पथकाला आणि डॉ. मुंजे यांना सांगितले; त्याची उजळणी मी येथे करणार नाही. माझी आजी तेव्हा वीस-बावीस वर्षांची, चिमूरला माहेरी आलेली होती. तिने आम्हा नातवंडांना त्या दिवसांबद्दल एवढेच सांगितले की, "तवा पोलीस नाई, पलटन आली होती," आणि पुढे विचारले की ती उठून निघून जाई. पण तिची एक सवय सगळ्या घराला ठाऊक होती. भरदुपारी, अंगणात माणसे बसलेली असतानासुद्धा, रस्त्यावर ट्रकचा आवाज आला की ती हातातले काम टाकून आत जाई, माजघराच्या दाराला कडी घाली आणि आवाज विरल्यावरच बाहेर येई. धान गिरणीचे ट्रक आमच्या दारावरून दिवसाला चार वेळा जात. १९८० नंतरही, ती थकून खाटेला लागली तोपर्यंत, हे चालू होते.

आता या सगळ्याला 'व्याप्त प्रदेश' म्हणता येईल का? काटेकोर बोलायचे तर नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्हा इंग्रजांनी युद्धात व्यापलेला शत्रूचा मुलूख नव्हता, तो त्यांच्याच साम्राज्याचा भाग होता आणि चिमूरचे लोक त्यांचेच प्रजाजन होते. पुरवणीतील लेखकही बहुधा हेच उत्तर देतील आणि शब्दार्थाने ते बरोबर ठरेल. पण नेमक्या याच ठिकाणी मला जे सांगायचे आहे ते आहे.

युद्धात फौजांनी कसे वागावे हे ठरवणाऱ्या १९०७ च्या हेग नियमावलीवर इंग्लंडची सही होती. तिच्या ४३ व्या कलमाने, शत्रूचा मुलूख व्यापणाऱ्या फौजेने तेथील चालू कायदे अगदीच अशक्य झाल्याखेरीज मोडू नयेत असे सांगितले आहे. ४६ व्या कलमात कुटुंबाची अब्रू, माणसांचे प्राण आणि खासगी मालमत्ता यांचा मान राखला पाहिजे, असे स्वच्छ शब्दांत आहे. आणि ५० वे कलम म्हणते की, काही व्यक्तींच्या कृत्यांबद्दल, ज्यांची जबाबदारी सगळ्यांवर टाकता येत नाही, संपूर्ण लोकवस्तीला पैशाची किंवा अन्य कोणतीही सामूहिक शिक्षा करू नये. म्हणजे १९४२ साली इंग्रज फौजेने समजा एखादे जर्मन किंवा इटालियन गाव जिंकले असते, तर त्या गावावर सरसकट दंड बसवणे तिला कायद्याने वर्ज्य होते. चिमूरवर तो बसवता आला, कारण चिमूर शत्रूचे नव्हते, 'आपले' होते. त्यासाठी १९४२ साली सामुदायिक दंडाचा वटहुकूम काढलेला होताच. शत्रूच्या गावाला कागदावर जेवढे संरक्षण होते, तेवढेही स्वतःच्या प्रजेला नव्हते. व्याप्त प्रदेशाची व्याख्या चिमूरला लागू नव्हती हे चिमूरचे सुदैव नव्हते, तोच तर घात होता.

त्या दंडाची एक पावती आमच्या घरी आहे. हाताच्या पंज्याएवढा छापील फॉर्म, शाईने भरलेला, कोपऱ्यात गोल शिक्का, त्यातली अक्षरे आता लागत नाहीत. आजीच्या वडिलांचे नाव आणि पुढे रक्कम, अठरा रुपये. त्या दिवशी ते गावात नव्हतेच, व्याह्याकडे गेले होते, असे घरात सांगत. पण दंड वसूल करणाऱ्याला ते विचारायचे नव्हते, आणि त्यांनाही ते सांगून उपयोग नव्हता. एक गोऱ्हा विकून दंड भरला. पुढच्या मोसमात उसन्या बैलाने चिखलणी केली. पावती जपून ठेवण्याचे कारण देशभक्ती नव्हते. पुन्हा कोणी दंड मागायला आले तर दाखवायला हवी म्हणून ती ठेवली होती.

लष्कराला अधिकार कोठून आले, तेही पाहण्यासारखे आहे. चिमूरच्या आदल्याच दिवशी, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी सशस्त्र दलांच्या विशेष अधिकारांचा वटहुकूम काढला. कॅप्टन किंवा त्यावरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याला, पहारेकऱ्याने हटकल्यावर न थांबणाऱ्यावर किंवा राखणीतील मालमत्तेला धोका पोहोचवणाऱ्यावर, जीव जाईल इतका बळाचा वापर करण्याचा हुकूम देता येऊ लागला, आणि अशा अधिकाऱ्यावर केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय खटला भरता येणार नाही अशी तजवीजही त्यात होती. वटहुकमाचा हा साचा आपण स्वतंत्र झाल्यावर फेकून दिला असे कोणाला वाटत असेल, तर १९५८ चा सशस्त्र दले विशेषाधिकार कायदा आणि त्यातील खटल्यापूर्वीच्या परवानगीचे कलम त्यांनी एकदा वाचावे. तारखेचा योगायोगही मला नेहमी खुपतो. पाच वर्षांनी तीच तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने मिळाली.

आणि न्यायालये? चिमूर आणि आष्टीचे खटले खास न्यायाधीशांपुढे चालले. त्यांची व्यवस्था जानेवारी १९४२ च्या वटहुकमाने केलेली होती, आणि ती मुळात परकीय हल्ल्याच्या भीतीने केलेली होती. कोणता खटला नेहमीच्या सत्र न्यायालयात चालवायचा आणि कोणता या खास न्यायाधीशांपुढे, हे ठरवणे सरकारी अधिकाऱ्याच्या हाती. सत्र न्यायालयाकडे पाठवण्यापूर्वीची प्राथमिक चौकशी नाही. साक्षींची नोंद संक्षेपाने. उच्च न्यायालयाकडे नेहमीच्या मार्गाने अपील किंवा फेरतपासणीचा अर्ज नाही. फाशीसारख्या मोठ्या शिक्षांचे कागद एका न्यायाधीशाने पाहायचे, पण तो न्यायाधीश कोण हेही सरकारनेच नेमायचे. आरोपी आमच्याकडचे शेतकरी, विणकर, मजूर, विद्यार्थी. त्यांतल्या कित्येकांना फाशीची आणि जन्मठेपेची शिक्षा झाली.

इंग्रजांच्या बाजूने बोलायचे तर येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे, आणि ती जर्मनांपेक्षा निश्चितच वेगळी आहे. या खास न्यायालयांना आव्हान देता आले. बनवारीलाल शर्मा यांच्या कलकत्त्याहून आलेल्या प्रकरणात दिल्लीच्या फेडरल कोर्टाने, म्हणजे तेव्हाच्या देशातील सर्वांत वरच्या न्यायालयाने, ४ जून १९४३ रोजी बहुमताने निकाल दिला की, वटहुकमातील ज्या कलमांनी या न्यायालयांना अधिकार मिळतो ती कलमेच अवैध आहेत. त्याआधी एप्रिलमध्ये याच कोर्टाने केशव तळपदे यांच्या प्रकरणात, हजारो लोकांना ज्याखाली विनाचौकशी डांबले होते तो भारत संरक्षण नियमांतील २६ वा नियम अवैध ठरवला होता. परक्या सरकारच्या कोर्टाने, ऐन युद्धात, त्याच सरकारविरुद्ध दिलेले हे निकाल आहेत. ते विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

पण पुढे काय झाले? तळपदे प्रकरणानंतर आठवडा उलटण्यापूर्वी वटहुकूम काढून तो नियम मागील तारखेपासून सावरून घेण्यात आला. बनवारीलाल प्रकरणात तर तेवढीही उसंत घेतली नाही. ४ जूनला निकाल आणि ५ जूनला नवा वटहुकूम. खास न्यायालये बरखास्त, मात्र त्यांनी दिलेल्या शिक्षा जणू नेहमीच्या न्यायालयानेच दिल्या आहेत असे समजून कायम, फक्त आता अपील करण्याची मुभा. ज्या न्यायाधीशाला अधिकारच नव्हता असे वरिष्ठ कोर्ट म्हणते, त्याने सुनावलेली फाशी रात्रीतून वैध होते. पुढे १९४४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, फेडरल कोर्टाचा निकालही फिरवला आणि मूळ वटहुकूम पहिल्यापासून योग्यच होता असे ठरवले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ही चर्चा अधिकारांच्या सोपवणुकीची म्हणून शिकवतात. नागपूरच्या तुरुंगात फाशीच्या कोठडीत बसलेल्या आमच्या माणसांना ती कशी ऐकू येत असेल, याचा विचार मी मुलांना इतिहास शिकवताना पुष्कळदा केला आहे आणि तो दरवेळी अर्ध्यावरच सोडून दिला आहे. शेवटी अनसूयाबाई काळे आणि इतर अनेकांनी चालवलेल्या खटपटीमुळे, गांधीजींनीही शब्द टाकल्यामुळे, १९४५ साली उरलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. ती दया होती, न्याय नव्हे. आणि दया मिळायला तीन वर्षे लागली.

एवढे सगळे त्या दिवशीच्या एका गुन्ह्याबद्दल झाले. त्याच गावात, त्याच आठवड्यात, दुसराही गुन्हा घडला होता. त्याचे काय झाले?

काहीच नाही. त्यासाठी खास तर सोडाच, साधे न्यायालयही बसले नाही. सेवाग्राम आश्रमातील प्रा. जयकृष्ण भन्साळी यांची मागणी फार मोठी नव्हती. सैनिकांना फासावर चढवा असे ते म्हणत नव्हते, चिमूरच्या बायकांच्या तक्रारींची निःपक्ष चौकशी करा, एवढेच म्हणत होते. त्यासाठी ते दिल्लीला गेले आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसलेले आपले वणीचे लोकनायक बापूजी अणे यांच्या दाराशी बसले, आपण स्वतः चिमूरला चला म्हणून. अणे गेले नाहीत. हा विषय निघाला की यवतमाळकडचे माझे मित्र गप्प होतात. पण न्याय म्हणून हेही सांगतो की पुढे फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी अणे यांनी ती जागा सोडली. भन्साळींनी ११ नोव्हेंबर १९४२ रोजी उपोषण आरंभले ते १२ जानेवारी १९४३ पर्यंत, त्रेसष्ट दिवस. सरकारने चौकशी नाकारलीच, वर चिमूर आणि भन्साळी यांच्या बातम्या छापण्यावर बंदी घातली.

येथे, संपादक महोदय, आपल्या व्यवसायाचा एक अभिमानास्पद प्रसंग आहे, आणि तो आपल्या पुरवणीत कधी आलेला मला आठवत नाही. या बंदीच्या निषेधार्थ अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेच्या सांगण्यावरून देशभरातील वृत्तपत्रांनी ६ जानेवारी १९४३ रोजी एक दिवस अंक काढले नाहीत, आणि नववर्षानिमित्त सरकारने दिलेल्या पदव्यांची यादी छापायची नाही असे ठरवले. कोण रावबहादूर झाले, कोण सर झाले, हे लोकांना कळलेच नाही. पदवी मिळवण्यासाठी वर्षभर कलेक्टरचे उंबरे झिजवलेल्या मंडळींची त्या सकाळी काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करताना मला या साऱ्या काळ्या प्रकरणात एवढ्या एकाच ठिकाणी हसू येते. अखेर डॉ. ना. भा. खरे यांच्या मध्यस्थीने बातम्यांवरील बंदी उठली आणि भन्साळींनी उपोषण सोडले. स्वतंत्र चौकशी मात्र झाली नाही ती नाहीच.

या दोन गुन्ह्यांच्या दोन वाटा शेजारी शेजारी ठेवल्या की परक्या सत्तेची युद्धकालीन न्यायालये कशी असतात हे कळते. पिंजरा एकाच बाजूचा असतो. जर्मनांनी १३ मेच्या हुकुमात ते उघड लिहून ठेवले. इंग्रजांनी ते 'केंद्र सरकारची पूर्वपरवानगी' या तीन शब्दांत बसवले आणि परवानगी मागायलाच कोणी येऊ नये अशी व्यवस्था केली.

आणि हेच सरकार दुसरीकडे काय करत होते, तेही पाहावे. सिंगापूरला १० ऑक्टोबर १९४३ पासून जपानी लष्करी पोलिसांनी, बंदरातील बोटी उडवल्याच्या खोट्या संशयावरून, सत्तावन्न नागरिकांना पकडून छळले. त्यांतील पंधरा जण मेले. युद्ध संपल्यावर, १९४६ च्या मार्च-एप्रिलमध्ये, इंग्रजांच्याच लष्करी न्यायालयाने त्या एकवीस जपान्यांवर खटला चालवला आणि आठ जणांना फाशीची शिक्षा दिली. तो खटला चालला हे योग्यच झाले. पण लष्करी अंमलाखाली नागरिकांचा छळ हा गुन्हा आहे, त्याची चौकशी झाली पाहिजे आणि वरिष्ठांचा हुकूम ही सबब चालणार नाही, ही सारी तत्त्वे ज्या सरकारला सिंगापुरात तोंडपाठ होती, त्याला ती चिमूरला तीनच वर्षांपूर्वी आठवली नाहीत. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचा तो कार्टा, ही आमची म्हण इंग्रजांना ठाऊक असण्याचे कारण नाही. आचरणात मात्र ती चोख होती. सिंगापूरच्या खटल्याआधी काही महिने लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन या तिघांवर लष्करी खटला झाला होता. भुलाभाई देसाई यांनी तेथे, गुलाम राष्ट्रालाही स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा हक्क आहे, हे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या आधारे मांडले. तिघांना जन्मठेप झाली, पण बाहेरचे वातावरण पाहून सरसेनापती ऑकिनलेक यांनी ती माफ केली. तेव्हाही निकाल न्यायालयाने दिला आणि तो फिरवला रस्त्यावरच्या लोकांनी.

युद्धानंतर १९४९ साली जिनिव्हाचा चौथा करार झाला आणि त्यात या न्यायालयांवर पहिल्यांदाच नीट लगाम घातला गेला. व्याप्त प्रदेशात लष्करी न्यायालय बसवायचे तर ते रीतसर स्थापलेले आणि राजकारणापासून दूर असले पाहिजे आणि ते त्याच देशात बसले पाहिजे, असे ६६ वे कलम सांगते. कैद्याला रातोरात दुसऱ्या देशात नेऊन खटला चालवण्याची वाट त्याने बंद केली. अठरा वर्षांखालील मुलाला फाशी देता येत नाही. आरोप आरोपीला कळणाऱ्या भाषेत लेखी द्यावा लागतो. फाशीची शिक्षा झाल्यास तिची खबर त्रयस्थ देशाला पोहोचल्यापासून साधारणपणे सहा महिन्यांच्या आत ती अमलात आणता येत नाही. ऑस्लोच्या त्या एका दिवसाच्या खटल्याला दिलेले उत्तर म्हणून मी हे कलम वाचतो. ३३ व्या कलमाने सामूहिक शिक्षेला पुन्हा एकदा मनाई केली. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चारही करारांत समान असलेले तिसरे कलम. दोन देशांमधले युद्ध नसून देशांतर्गत सशस्त्र संघर्ष असला, तरीही रीतसर न्यायालयाशिवाय शिक्षा देता येणार नाही, असे ते म्हणते. 'हे तर आमचेच प्रजाजन' ही पळवाट त्याने, निदान कागदावर, अरुंद केली. हे करार पाळले किती जातात हा निराळा प्रश्न आहे आणि त्यावर आपल्याकडे रोजच बातम्या येतात.

चिमूरला दरवर्षी १६ ऑगस्टला मानवंदना होते, पुढारी येतात, भाषणे होतात. मी गेली चाळीस वर्षे जातो. हुतात्म्यांची नावे घेतली जातात, तुकडोजी महाराजांच्या अटकेची आठवण निघते, आणि ते योग्यच आहे. खटला कोणत्या कायद्याखाली चालला, कोणी चालवला, अपिलाची वाट का बंद होती, याविषयी एकही शब्द मी त्या मंचावरून ऐकलेला नाही. महिलांच्या जबान्यांविषयी तर नाहीच. तो विषय निघाला की पुढची ओळ माना खाली घालते. मान कोणी खाली घालायची होती आणि घालतो आहे कोण, असे मला दरवेळी वाटते. माझ्या शाळेतल्या मुलांना १९४२ म्हटले की गोवालिया टँक आठवे, कारण पुस्तकात तेच होते. स्वतःच्या तालुक्यातल्या घटनेवर दोन ओळी.

तेव्हा माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. पुरवणीतील त्या वाक्याची दुरुस्ती पुढील अंकात छापावी. आणि चिमूर-आष्टी खटल्यांचे निकालपत्र, अपिलांचे कागद आणि महिला पथकाचा अहवाल यांचे मराठी भाषांतर आपल्या पुरवणीतून क्रमाने देता आले तर पाहावे. कायद्याची जाण असलेले एखादे वकील त्यासाठी नागपुरात सहज मिळतील. जमेल तेवढे हातकाम मी विनामोबदला करीन.

वर उल्लेख केलेल्या पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. छापायची झाल्यास नाव झाकून छापावे. मूळ पावती कृपया मागवू नये. ती घडीवर चिरत चालली आहे आणि पोस्टाच्या प्रवासात टिकणार नाही. कोणाला पाहायचीच असेल तर त्यांनी गावी यावे, रोवणी आटोपल्यावर आलेले बरे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. चिमूर, जि. चंद्रपूर